फेब्रुवारीतला वाढदिवस

टेस गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारासमोरचा बर्फ शोव्हल करत होतो. रविवार होता. आमच्या प्रिन्सिपलबाई एवढंच म्हणाल्या, की ती झोपेतच गेली. मी फोन खिशात ठेवला आणि पुन्हा बर्फ उपसायला लागलो. दुसरं काही सुचेना... मागं वळून पाहिलं तर साफ केलेली वाट परत पांढरी झाली होती. याला आता दोन महिने होत आले, पण त्या दिवशी अंगात भरलेला थकवा काही उतरत नाही.

इथं कॅनडात, रेजिनातल्या आमच्या प्राथमिक शाळेत टेस दुसरीला शिकवायची आणि शेजारच्या वर्गात मी तिसरीला. ती फिलिपिन्सची, मी किनवटकडचा. आईवडील निरक्षर, घरातला पहिला पदवीधर मीच. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण माझ्या तोंडून सुरुवातीला 'मॅडम'च निघायचं. तिच्याकडेही तीच रीत, म्हणून ती मला 'सर' म्हणायची. बाकीचे हसायचे. "लक्ष देऊ नका, सर," ती म्हणायची, "त्यांना कुणी वळण लावलं नाही."

स्टाफमधल्या कुणाचाही वाढदिवस असला, की ती सकाळी लवकर येऊन स्टाफरूममध्ये पान्सित करायची. तांदळाच्या बारीक, लांब शेवया. त्यात लसूण, कोबी, गाजर, सोया सॉस आणि कोळंबी. त्यासाठी तिची विजेवरची मोठी कढई कपाटात कायमची ठेवलेली असे. मलाही तेव्हा गाडी नसल्यानं, बसमुळं लवकर यावं लागे, म्हणून गाजरं चिरायचं काम माझ्याकडं आलं. शेवया मोडायच्या नाहीत, लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य, हे तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी शाकाहारी. कोळंबी टाकण्याआधी ती माझा वाटा एका पांढऱ्या डब्यात काढून ठेवायची. मला कधी सांगावं लागलं नाही. डब्याच्या झाकणावर तिनं पट्टी चिकटवून 'सर' असं लिहिलं होतं.

पहिल्या वर्षी एक जूनला तिनं माझ्यासाठी कढई काढली, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. गावाकडच्या शाळेत आमच्या हेडमास्तरांनी वर्गातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख एक जूनच लावली होती. माझा खरा दिवस आईलाही ठाऊक नाही. ज्वारी हुरड्यात आली होती, थंडी होती, एवढंच तिला आठवतं.

"म्हणजे सर, आज वाढदिवस नाही?"

"नाही."

"आणि गाजरं चिरून झाल्यावर सांगताय!"

ती खूप हसली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. "थंडीतला पाहिजे ना? फेब्रुवारीत आपल्याकडं कुणाचाच नाही. तो महिना एरवीही संपता संपत नाही. त्यातली आठवड्याची सुट्टी लागण्याआधीचा शुक्रवार तुमचा." तेव्हापासून तो माझा वाढदिवस. मुलांची आजारपणं, पालकांच्या तक्रारी, उणे तीसची थंडी, यांनी आम्ही दोघंही पार थकून गेलेलो असायचो. पण त्या शुक्रवारी कढई तापलेली असायचीच. माझा जन्म झाला, याची अशी दखल त्याआधी कुणी घेतली नव्हती.

यंदा तिच्या घरी चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना, आपल्या तेराव्यासारखी, नेमकी त्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आली. रिकाम्या हातानं जायचं जिवावर आलं. तिच्या ऋणातून थोडं तरी उतराई व्हावं, म्हणून मी घरी पान्सित केलं. एकही शेवई मोडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोळंबी सोलली. मोठा ट्रे भरून घेऊन गेलो. तिच्या भाचीनं दारातच फॉइल उचलून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, आमच्यात हे दुःखाच्या घरात चालत नाही. लांब शेवया... घरातली मरणंही तशीच एकामागून एक लांबत जातात म्हणतात. मावशी फार मानायची."

मला लगेच कळलं. आमच्याकडं सुतकात फोडणी देत नाहीत. एवढं कळणारा मी, आणि विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. मी ट्रे परत गाडीत ठेवायला निघालो, तशी ती मागून आली. "फेकू नका हं. हे वाढदिवसाचं असतं. कुणाचा आहे का?"

"उद्या माझा आहे," मी म्हणालो. "म्हणजे... तुमच्या मावशीनं दिलेला."

"मग तुम्ही खा ना, सर," ती म्हणाली आणि रडायला लागली.

शुक्रवारी सकाळी मी तिची कढई काढून पान्सित गरम केलं. वर्गावरचे, ऑफिसमधले, सगळे आले. प्रत्येकानं वाढून घेतलं. शेवटी मी कपाटातून माझा डबा काढला, झाकण उघडलं आणि कढईजवळ नेला... तेव्हा ध्यानात आलं. कोळंबी सगळ्यातच होती. माझा वाटा आधी बाजूला काढायचा राहिला होता. ते काम मी कधी केलंच नव्हतं.

"सर, तुम्ही घेतलं का?" ऑफिसमधल्या बाईंनी विचारलं. टेस गेल्यापासून त्याही मला सर म्हणतात.

"घेतो," म्हणालो, आणि रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. पट्टीवरची तिची अक्षरं फिकी झाली आहेत. घंटा झाली. डबा होता तसा कढईशेजारी ठेवला आणि वर्गावर गेलो.