सोंगाची माफी

घरमालकीण काकूंनी माझा पेला सांडशीनं उचलला. स्टीलचा साधा पेला. सात महिने मी त्यातनं पाणी प्यायले होते, त्यांच्याच ओट्याजवळ उभी राहून. तो त्यांनी माझ्या वहीवर आणून ठेवला आणि सांडशी नळाखाली धरली. पेला गरम नव्हता.

"हा तुझ्याकडंच ठेव," काकू म्हणाल्या.

सात महिने ज्याला भीत होते ते घरात येऊन उभं राहिलं होतं.

मी उमरीकडची. लातूरला इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते, शेवटचं वर्ष. खोली देताना कुणी तोंडावर जात विचारत नाही. गाव विचारतात, आडनाव विचारतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मामा कुणाचे ते विचारतात. माझं आडनाव सगळ्या जातींत सापडतं. मामांच्या आडनावावरून मात्र आम्ही बौद्ध आहोत हे लगेच कळतं. दोन खोल्या अशाच हातच्या गेल्या. तिसरं दार काकूंचं. तिथं मी मैत्रिणीचे मामा सांगितले. निलंग्याचे, मोठं घराणं. काकूंचा चेहरा खुलला.

"मंग काय, घरचीच हाय की पोरगी."

तेव्हापासून मी भीत जगले. आईचा फोन आला की गच्चीवर जायचे, कारण फोन ठेवताना ती जय भीम म्हणायची आणि मलाही म्हणावं लागायचं. गच्चीवरसुद्धा मी ते इतकं हळू म्हणायचे की आईला वाटायचं रेंज नाही. याची मला आजही लाज वाटते.

काकूंची पोरगी पल्लवी माझ्याच वर्गात होती. आम्हाला एक जुनं इंग्रजी विनोदी नाटक होतं. मोलकरीण मालकिणीचे कपडे घालून एका सरदाराला भेटते, तो तिच्या प्रेमात पडतो आणि मग सगळा गोंधळ. परीक्षेला त्यातली वाक्यं येतात, संदर्भासह स्पष्टीकरण करा म्हणून. कोण म्हणालं, कोणाला, कधी, आणि अर्थ काय. पल्लवीला इंग्रजी जमायचं नाही. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी तिला एकेक वाक्य समजावून द्यायचे. काकू भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि मोलकरणीच्या फजितीला पोट धरून हसायच्या.

एका जागी ती मोलकरीण एकटीच म्हणते की अंगावरचा झगा खोटा असला तरी आतली थरथर खरी आहे. सर म्हणाले होते, इथं प्रेक्षक हसतात. गाईडमध्ये लिहिलं होतं, विनोदनिर्मिती. सगळा वर्ग हसला. मीही हसले, न हसून कसं चालेल? पण काकूंच्या पंगतीत पानावर बसलं की घास खाली का उतरत नाही, ते मला कुठल्या गाईडनं शिकवायची गरज नव्हती.

नाटकाच्या शेवटी मालकीण तिला ओळखते आणि म्हणते, तुझं सोंग मी माफ केलं. मग सगळे नाचतात. पल्लवीनं विचारलं, "हेचं काय लिहायचं?" मी गाईडमधलंच सांगितलं. यातून मालकिणीच्या मनाचा मोठेपणा दिसून येतो. तिनं लिहून घेतलं.

पुढं काकू निलंग्याला लग्नाला गेल्या. तिथं नेमके ते मामा भेटले. काकू कौतुकानं म्हणाल्या, तुमची भाची आमच्याकडं राहते, लई गुणाची हाय. मामा म्हणाले, आमची भाची तर नांदेडला आईबापाजवळ असते. काकूंनी उमरीत कुणाला तरी फोन लावला आणि दिवस मावळायच्या आत सगळं समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हा पेला.

पल्लवी समोर वही उघडून बसली होती, मान खाली. काकूंनी सांडशी पुसून खुंटीला अडकवली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परीक्षा हुस्तोर राहा. माफ केलं समज तुला. पण हिकडं आत यायचं न्हाई. पल्लीला व्हरांड्यात बसून शिकव. अन् कुणी इचारलं तर मामा तेच सांग, निलंग्याचे. आमालाबी चार लोकांत बसावं लागतंय."

खरं सांगते, मला राहायचं होतं. पेपर आठ दिवसांवर होते. परगावात एकटी पोरगी, बॅग घेऊन कुठं जाणार? बरं काकू, असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात पल्लवीच्या वहीत माझंच वाक्य दिसलं, तिच्या गोल अक्षरात. मनाचा मोठेपणा.

माफी कशाची? मी काय चोरलं होतं? पाणी?

"पल्लवी, ते खोड," मी म्हणाले. "मी तुला चुकीचं सांगितलं."

"मंग काय लिहू?"

"मालकिणीनं माफ करावं असं त्यात काही नव्हतं. तिनं आधी दार बंद ठेवलं, म्हणून हिला सोंग घ्यावं लागलं."

पल्लवीनं पेन उचललं नाही. आईकडं बघितलं फक्त.

मी काकूंना म्हणाले, "मी आजच जाते. माझे मामा भोकरचे आहेत." आणि त्यांचं खरं आडनाव सांगितलं. त्या घरात पहिल्यांदाच. आधारासाठी हात ओट्याकडं गेला होता, तो मी मागं घेतला. पेला उचलून ओट्यावर ठेवला. तो त्यांचाच होता.

त्याच संध्याकाळी बॅग घेऊन दोन दारं फिरले. पहिल्या बाईनं गाव विचारलं, आडनाव विचारलं. तिनं पुढचं विचारायच्या आत मी सांगून टाकलं, मामा कुणाचे ते आणि आम्ही बौद्ध आहोत ते. दार लागलं. दुसरंही लागलं. शेवटी एका मैत्रिणीच्या हॉस्टेलच्या खोलीत फरशीवर सतरंजी टाकून मी सगळे पेपर दिले. मालकिणीच्या माफीचं वाक्य पेपरात आलं. पल्लवीला सांगितलं होतं तेच मी लिहिलं. सरांनी किती मार्क दिले ते दिले.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. नव्या दारासमोर उभी राहिले की आजही तळहाताला घाम सुटतो. सुटू दे. मी आधी मामा कुणाचे ते सांगते. नळाला पाणी कधी येतं ते नंतर विचारते.