वाटीत उरलेली भाकर

चमत्कार सांगत येणाऱ्यांना मी कायम वाटेला लावलं. मूर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून कुणी धावत आलं, की मी आधी छत गळतंय का ते बघायचो. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. आता लिहितो... आणि सगळं लिहितो.

निझामाचा अंमल होता. औरंगाबाद छावणीपलीकडं आमचं लहान कॅथलिक मिशन — पत्र्याचं चर्च, एक गोरे फादर आणि मी, धर्मशिक्षण देणारा कॅटेकिस्ट मास्तर. तेव्हा मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही न घेतलेल्यालाच ख्रिस्तप्रसाद मिळे. मिस्सेच्या उपासनेआधी मी दारात विचारायचो, "उपाशी कोण?" जितके हात वर, तितक्याच प्रसादाच्या छोट्या, पातळ भाकरी मोजून वाटीत. माझी मोजणी कधी चुकली नाही.

माझी धाकटी बहीण मार्था मागच्या चटईवर बसे. तिचा हात वर होत नसे. तिनं एका प्रोटेस्टंट शिक्षकाशी त्यांच्या चर्चमध्ये लग्न केलं, म्हणून तिला ख्रिस्तप्रसाद बंद. लोकांना एवढंच ठाऊक. पण तिनं आधी बिशपांची परवानगी मागितली होती. तो अर्ज टपालात टाकायला माझ्याकडं दिला होता. मास्तरचीच बहीण तिकडच्या मिशनात गेली तर माझं तोंड काय राहील... मी अर्ज ट्रंकेत ठेवला आणि महिन्यानं तिला सांगितलं, "बिशप नाही म्हणाले."

चार वर्षांनी, ईस्टरला, ती चटईवर बसून रडली. त्या दिवशी मी अकरा भाकरी ठेवल्या, अकरा जणांनी घेतल्या — आणि वाटीत एक उरली.

फादरांची मराठी खेड्यापाड्यांत शिकलेली. "मास्तर, अकरापत्तुर मोजता येतंय ना तुमाला?" ते हसले.

पुढच्या रविवारी मी तीनदा मोजल्या. एक उरली. त्याच्या पुढच्या रविवारी फादरांनी स्वतः मोजल्या. एक उरली. आता ते हसले नाहीत. "ही कुणाची हाय, मास्तर?"

मी तिथंच गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. "अर्ज मी आजच धाडतो," ते म्हणाले. "बहिणीला मात्र तुमी सांगायचं."

मार्था चूल सारवत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. "चार वर्षं देवावर रुसले रे दादा. तुझ्यावर रुसायचं व्हतं." तिनं दार लावून घेतलं.

बिशपांची परवानगी आली. फादरांनी तिच्या घरी जाऊन पापनिवेदन ऐकलं, लग्नाला आशीर्वाद दिला. तरी ती चर्चला येईना. आणि दर रविवारी एक भाकर उरतच होती.

मग एका रविवारी, हात मोजून झाल्यावर, ती आली. वाटीत अकराच होत्या. अकरा जण घेऊन उठले. बारावी मार्था, वेदीपुढच्या कठड्याच्या टोकाला गुडघ्यांवर. कण खाली पडू नये म्हणून तिच्या हनुवटीखाली धरलेली ताटली माझ्या हातात कलली.

"नीट धर, दादा," ती पुटपुटली.

फादरांनी तिला भाकर दिली आणि वाटी तिरकी करून मला दाखवली. रिकामी.

त्यानंतर एकही कधी उरली नाही. मोजण्यात मी चुकलो नव्हतो, हे मात्र आजही शपथेवर सांगेन. त्या चार वर्षांत एक भाकर मीच कमी ठेवत आलो होतो, हेही.