फ्रिजमधली हापूसची पेटी

आमच्या घरात अक्षय्य तृतीयेला पितरांना आमरस वाढल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही. चैत्रापासून सोलापूरचा बाजार आंब्यांनी पिवळाधमक होतो आणि आम्ही नुसते वास घेत हिंडतो.

सासरे आंब्याच्या बाबतीत भयंकर चोखंदळ. सासूबाईंनी जन्मभर कापलेल्या एकाही आंब्याला त्यांनी बरं म्हटलं नाही. हा आंबट, तो रेषाळ, आणि गोड निघालाच तर कापायची घाई केली. ते गेल्यावर त्यांचं पान पहिल्यांदा वाढायचं होतं, तेव्हा सासूबाईंनी पणच केला. "औंदा हापूस आणा. त्यास्नी नावं ठेवायला जागाच ठेवायची न्हाय!"

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी बरीच आधी हिरवीगार पेटी आणली आणि सणाआधी पिकू नये म्हणून सगळी फ्रिजमध्ये कोंबली. माझं दूध बाहेर नासायचं, आंबे मात्र गारव्यात. सणाच्या तोंडावर ते गवताच्या अढीत घातले. रंग छान चढला.

"एक कापून बघू या का?" मी म्हटलं.

"त्यांच्या आदी?" सासूबाईंनी असं काही बघितलं की मी सुरी जागेवर ठेवली.

सणाला पहिला आंबा कापला. कोयीभोवती गर तपकिरी आणि चामट. दुसराही तसाच. पुढचा तर काळाच.

"गारठ्यानं बाधले," यांनी निदान केलं. "कच्चा आंबा फार थंडीत ठेवला की आतून..."

"हा धडा पेटी आणल्यावर आठवला नाही का?"

हे चपला घालून गेले आणि चौकातल्या गाड्यावरून पायरी घेऊन आले. सासूबाई फोडींकडे बघत तशाच बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरलेले बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

पायरीचा रस झकास निघाला. मी पान वाढलं, पाणी भरलेल्या मातीच्या कऱ्यावर आंबा ठेवला. सासूबाईंनी पान नीट न्याहाळलं. मग टाकायला काढलेली हापूसची एक काळी फोड उचलून रसाच्या वाटीशेजारी ठेवली.

"अहो आई, ती कशाला?"

"असू दे. समदंच चांगलं वाढलं, तर घर चुकलं म्हणून माघारी जातील की."