खऱ्या आवाजाला कपबश्या वाजतात

मुलाच्या गिटारचा आवाज बंद पाडायचा मी पाच वर्षं प्रयत्न केला, आणि नंतर दीड वर्ष तोच आवाज परत मिळवायचा. दोन्ही कामं मी सारख्याच निष्ठेने केली.

मंदारची गिटार बेस, म्हणजे जाड तारांची. तिच्यासाठी हडपसरच्या आमच्या रेडिओच्या कारखान्यातले जुने व्हॉल्व्ह, म्हणजे काचेचे दिवे, आणून अ‍ॅम्प्लिफायर मीच बनवून दिला होता. (हिने तेव्हाच सांगितलं होतं, "त्यापेक्षा पोराला सायकल द्या.") पठ्ठ्या बटण फिरवून तो पूर्ण पिळायचा. तसा पिळला की शेवटचे मोठे व्हॉल्व्ह दमायचे आणि सूर फाटायचा. पण कर्कश नाही. गादीवर जड माणूस बसावा तसा तो आधी दबायचा, मग सावकाश फुगायचा. मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "मंदार, आवाज कमी कर!"

मग परदेशी माल आला, कारखाना बंद पडला, मी व्हीआरएस घेतली. ही तापाचं निमित्त होऊन गेली. मंदार कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी आणि तो अजस्र अ‍ॅम्प्लिफायर एवढेच उरलो. दर रविवारी सकाळी आठला मंदारचा फोन यायचा.

"बाबा, बरे आहात?"

"बरा आहे."

"जेवण?"

"झालं." (सकाळी आठ वाजता!)

"बरं, ठेवतो."

फोन ठेवल्यावर घर इतकं शांत व्हायचं की मला फ्रिजशी बोलावंसं वाटायचं. एकदा बोललोसुद्धा.

एका रविवारी तो चुकून जास्त बोलला. "इथं नवीन अ‍ॅम्प घेतलाय बाबा, पण तो आपल्यासारखा फाटत नाही." बस्स! मला विषय मिळाला. अ‍ॅम्प्लिफायर विमानाने जाणार नव्हता. पण त्याचं ते फाटणं एका डबीत भरून पाठवता आलं तर? गिटारची वायर डबीतून न्यायची, पायाने बटण दाबायचं, की सूर फाटलाच पाहिजे. मग पोरगं निदान त्या डबीबद्दल तरी माझ्याशी बोलेल, एवढीच माझी आशा होती.

वर्षभर खपून डबी झाली. आता ती खऱ्याशी ताडून बघायची तर खरा पूर्ण पिळणं आलं. अर्धा पिळून तो फाटत नाही. मंदारच्या जुन्या गिटारची एक तार मी छेडली. ढुम्म! तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पुण्यात, दुपारी दोन! दारावरची बेल वाजली. शेजारच्या जोशीवहिनी.

"मंदार आलाय?"

"नाही, मीच वाजवतोय."

"या वयात?" एवढंच म्हणून त्या गेल्या.

मी सोसायटीकडे दहा मिनिटं मागून घेतली आणि संध्याकाळी फळ्यावर सेक्रेटरी देवधरांच्या अक्षरात सूचना लागली: "गुरुवारी सायं. ५ ते ५.१० साने यांच्याकडे आवाज होईल. तक्रारी ५.११ नंतर."

गुरुवारी पावणेपाचलाच सात माणसं माझ्या हॉलमध्ये हजर! तक्रार जागेवरच करता यावी म्हणून. ही गेली तेव्हा जमली होती, त्यानंतर एवढी माणसं घरात पहिल्यांदाच आली होती. मी चहा टाकला. मग सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. न बघता ओळखायचं, खरा कुठला आणि डबीतला कुठला. ("शिक्षा कशाबद्दल, ते तरी सांगा," देवधर म्हणाले.) आवाज सारखाच ऐकू यावा म्हणून खरा आतल्या खोलीत दार लावून ठेवला होता आणि डबीचा छोटा स्पीकर हॉलमध्ये. दोन्ही वाजवले. कोणालाच ओळखता येईना! डबी जमली होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण थांबलो की माणसं जाणार. म्हणून "आणखी एकदा, आणखी एकदा" करत मी आलटूनपालटून एकूण पाचदा वाजवलं. शेवटच्या तीन वेळा निव्वळ त्यांनी बसावं म्हणून.

पाचव्या वेळी शेजारी खळ्ळकन् काहीतरी पडलं आणि फुटक्या कपाचा कान हातात धरून जोशीवहिनी दारात उभ्या राहिल्या.

"पहिला, तिसरा आणि आत्ताचा खरा. बाकीचे खोटे."

"अहो, तुम्ही तर तुमच्या घरात होतात!"

"खऱ्याला माझ्या शोकेसमधल्या कपबश्या वाजतात. पाच वर्षं ऐकल्यात. खोट्याला गप्प बसल्या." कपाचा कान माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "मंदार गेल्यापासून गप्पच असतात."

मी डबी अमेरिकेला पाठवली. पुढे एका रविवारी फोन आला. "बाबा, ऐका." ढुम्म! दबला, फुगला, अगदी तसाच! माझे डोळे भरून आले. ज्याच्यापासून लपवावेत असं घरात कोणी नव्हतं, म्हणून लपवले नाहीत.

"जमलंय ना रे?"

"जमलंय. पण काहीतरी कमी आहे."

"कपबश्या," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो.

"नाही हो. मी वाजवलं की तुम्ही ओरडायचात. इथं कोणीच ओरडत नाही, बाबा."

तेव्हापासून दर रविवारी मंदार तिकडे वाजवतो आणि मी इकडून बेंबीच्या देठापासून ओरडतो, "मंदार, आवाज कमी कर!" अर्धा तास कसा जातो, कळत नाही.

महिन्याभरात फळ्यावर देवधरांची नवी सूचना आली: "रविवारी सकाळी ८ ते ८.३० साने ओरडतील. गिटार बरी होती."