दर वेळी येऊन विचारायचं

हे पत्र हातात आलं की आधी खाली बस गं. उभ्या उभ्या वाचू नकोस, आणि चष्मा लाव. फोनवर माझ्यावर ओरडलीस तेव्हा माझं एक वाक्य तरी पुरतं ऐकलंस का? "आई, तू लोकांची कामं का अडवतेस?" एवढं विचारलंस आणि फोन ठेवून दिलास. शेजारच्या उसवाल्या भाऊंनी तुला सुरतला फोन करून गाऱ्हाणं सांगितलं, ते तू ऐकलंस. आता आईचंही ऐक. फोनवर मला सुचत नाही, कागदावर सुचतं. शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच, पुढचं वाचणं मी खताच्या गोण्यांवरून आणि तुझ्या पुस्तकांवरून शिकले, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

वैशाखात गावात एक लग्न झालं, तिथून सुरू झालं सगळं. आपली न्हाणी तुला ठाऊकच आहे, तीन बाजूंना पत्रा, एका बाजूला पडदा आणि वर आभाळ. तुझे वडील दर वर्षी म्हणायचे यंदा छत टाकू, आणि दर वर्षी दुसरंच काही निघायचं. लग्नाच्या दिवशी दुपारी मी अंगावर पाणी घेत होते. गांधीलमाशीसारखा आवाज आला. वर बघते तर ते चार पंखांचं यंत्र माझ्या डोक्यावर थांबलेलं. उडत नव्हतं गं, थांबलं होतं. मी ओलं लुगडं ओढलं आणि तशीच भिंतीला चिकटून बसले. किती वेळ बसले, मला नाही सांगता येणार.

लग्नातला फोटोवाला पोरगा होता तो, वाईट नव्हता. हौसेनं घेतलं होतं त्यानं ते, वरात वरून कशी दिसते ते दाखवत होता. बायकांनी त्याला माझ्यापुढं उभं केलं तर रडकुंडीला आला बिचारा. म्हणाला, "मावशी, फक्त पत्रे दिसले, बाकी काही नाही," आणि माझ्यासमोर सगळं पुसून टाकलं. मी मान डोलावली. पण खरंच काय दिसलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगायचीही लाज वाटली.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय निघाला. काही जण तावातावानं म्हणाले, गावात ड्रोनच नको, बंदीच करा. तेव्हा बचत गटाच्या बायकांतून एक सून उभी राहिली. पलीकडच्या आळीतल्या गुजरांची सून, दोन लेकरांची आई. तिनं फवारणीच्या ड्रोनचं रीतसर शिक्षण घेतलंय, परीक्षा दिलीय, गळ्यात ओळखपत्र असतं. तिचं यंत्र म्हणजे लग्नातलं खेळणं नव्हे, खाटेएवढं आहे, त्याला टाकी आहे आणि सरकारी नंबरही आहे. पदर सावरत आपल्या अहिराणीत म्हणाली, "बंदी करश्यात तर मी काय करू? मी काय कोन्ही न्हाणीमा देखाले उडावस का?"

सगळे हसले. ती हसली नाही.

तोपर्यंत मी मागं बसून होते. मग उठले. गुडघे वाजले ते पुढच्या ओळीपर्यंत ऐकू गेले असतील. म्हटलं, "बंदी नका करू. हौसेनं उडवा, कामासाठी उडवा. पण ज्याच्या घरावरून नाहीतर घराला लागून उडवायचंय, त्याच्या दारात जाऊन आधी विचारा. फोनवर नाही, तोंडानं." ग्रामसेवक म्हणाले, आभाळाचे कायदे वरचं सरकार करतं, त्यांचा नकाशा मोबाईलमध्ये असतो, कुठं उडवायचं कुठं नाही ते त्यात दिसतं. आपल्याला कायदा करता येत नाही, पण आपसातली शिस्त म्हणून लिहून ठेवता येईल. आणि लिहिलं. तुझ्या आईचं बोलणं वहीत लिहिलं गेलं गं, आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन मला ते कुणालातरी सांगायचं होतं. शेळीला सांगितलं.

श्रावणात ऊस डोक्याच्या वर गेला. आपल्या घराच्या तिन्ही बाजूंना भाऊंचा ऊस आहे, हे तुला माहीत आहे, पण यंदा तो किती वाढला ते तू पाहिलं नाहीस. रस्ता दिसेना, देवळाचा कळस दिसेना. सकाळी दार उघडावं तर समोर हिरवी भिंत. कोण आलं, कोण गेलं, सगळं नुसतं कानानं. एवढ्या उसात माणूस पाठीवर पंप घेऊन शिरू शकत नाही, म्हणून भाऊंनी त्या सुनेला फवारणी सांगितली. आणि ऊस माझ्या घराला लागून, म्हणून ती आदल्या संध्याकाळी माझ्या दारात आली.

"मावशी, सकाय फवारणी शे. तुमनी परवानगी पाह्यजे."

"आधी बठ. उभी उभी काय इचारस?"

बसली. मी चहा ठेवला. तिनं सगळं नीट सांगितलं. खिडक्या लावायच्या, पिण्याचं पाणी झाकायचं, शेळी आत बांधायची, दोरीवरचे कपडे काढायचे. घराजवळचा पट्टा ती न फवारता सोडणार. वारा असेल तर उडवणारच नाही. मग पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाली, "वरीसभरनी सही दी टाका ना मावशी, मंग माले घडी घडी येनं पडाव नही."

तिच्या हातातला पेन मी बघितला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझ्या घरात सहा दिवसांनी माणूस आलं होतं.

म्हटलं, "सही नही. वहीमा काय लिखेल शे? दर येळे ईसन इचारानं."

"बाप रे, मावशी तर कलेक्टरपेक्षा कडक शे," म्हणाली. पण यायला लागली. भाऊंचा ऊस, त्याच्या पलीकडचा कापूस, खालच्या अंगाची केळी, सगळ्यांचा रस्ता माझ्या घराला लागून. दर आठ-दहा दिवसांनी एकदा तरी यायची. मी तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवायला लागले. मला उत्तरं ठाऊक असलेले प्रश्न विचारायचे, म्हणजे ती थोडी जास्त बसेल. ती कामावरचं सांगायची. बांधावर बसून पुरुष म्हणतात, "बाईना हातमा विमान दिधं, आते पाऊसबी बाईच पाडी." ती यंत्र त्यांच्या अंगावरून येणार नाही एवढं बघते आणि काम उरकते.

एकदा माझी परवानगी घेऊन, दाराच्या पत्र्याखाली उभं राहून तिनं मला घर वरून दाखवलं. तिच्या हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर सगळा हिरवा ऊस आणि मध्ये एक लहानसा चौकोन. अंगणात खाट, शेळी, बादली, आणि एक म्हातारी उन्हात डोळ्यांवर हात धरून उभी. मला क्षणभर वाटलं, ही कोण गं बाई एकटीच? मग त्या म्हातारीनं हात खाली केला तेव्हा माझाही खाली आला.

आता जे झालं ते सांगते. भाऊंनी तुला अर्धंच सांगितलंय.

दसऱ्याआधीची गोष्ट. ती आदल्या दिवशी विचारायला आली तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "आत्ता नाही, सकाळी सांगते." म्हणजे दोनदा येईल. खरंच सकाळी उजाडायला आली. भाऊ शेतावर होते, टाकीत औषध कालवून तयार. मी चहा दिला. मग पोहे टाकले. मग माझ्या गुडघ्याचं सांगितलं, मग तुझ्या लग्नाचं सांगितलं. तिची नजर सारखी दाराबाहेर, उसाच्या शेंड्यांकडे.

"मावशी, पानं हलाले लागनात."

"दोन मिनिटं बठ गं. पोहे थंडा व्हई जातीन."

बसली. माझा मान ठेवला तिनं. आणि वारा सुटला.

भाऊ दारात येऊन उभे. "वहिनी, तिले सोडतस का नही? मन्हं औषध कालवेल शे!"

ती बाहेर गेली, बोट ओलं करून वर धरलं. "आबा, वारा मावशीना घरकडे जाई ऱ्हायना. आज नही."

"दहा मिनिटनं काम! कोन देखी ऱ्हायनं आठे?"

"मी देखी ऱ्हायनू ना, आबा."

भाऊ तिला नको ते बोलले. मी दारात उभी, हातात पोह्यांची ताटली. त्यांना सांगायला हवं होतं की उशीर तिनं नाही, मी केला. नाही सांगितलं. ती यंत्र उचलून टेम्पोत ठेवायला गेली, माझ्याकडे वळून बघितलंही नाही. रागानं नव्हे, तिला पुढचं गाव गाठायचं होतं.

चार दिवसांनी भाऊंनी बाहेरून दुसरा माणूस आणला. त्याच्याकडे ना ओळखपत्र, ना त्यानं कुणाला विचारलं. भर दुपारी, वारा असताना उडवलं. मी अंगणात धान्य निवडत होते. आधी वास आला, मग डोळे चुरचुरले, आणि वरून धुक्यासारखं काहीतरी माझ्या ताटावर, दोरीवरच्या लुगड्यावर, शेळीच्या चाऱ्यावर. चारा मी फेकला, धान्यही फेकलं. शेळी दोन दिवस तोंड लावेना. मग सावरली. मला मात्र झोप नाही. एकच विचार सारखा, जिनं नीट विचारलं तिचं काम मी घालवलं, आणि न विचारणाऱ्याला आणून बसवलं. नियम मीच मागितला होता ना गं? आणि तोच मी चहाच्या कपात भिजवला.

तिसऱ्या दिवशी भाऊंच्या घरी गेले. उसाच्या कडेनं चालत, दोनदा बसत. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी उशीर मी केला. त्या पोरीला परत बोलवा. दुसरा माणूस माझ्या घराजवळ आला तर मी ग्रामसभेत उभी राहीन." भाऊ आधी फुगले, मग म्हणाले, "वहिनी, तुमनापुढे कोन बोली?" बोलावलं त्यांनी तिला. त्यांनी तुला फोन केला तो याच्या आधी. नंतर केला नाही ना? त्याचं कारण हेच.

मग मी तिच्यासाठी कागद लिहिला. माझ्या हातानं. "माझ्या घराला लागून फवारणी करायला वर्षभर परवानगी आहे. घराजवळचा पट्टा सोडावा. वारा असेल तर उडवू नये. आदल्या दिवशी मोबाईलवर कळवलं तरी चालेल." शेवटच्या ओळीला फार वेळ लागला. दोनदा पेन खाली ठेवला. ती ओळ लिहिली की पोरगी यायची नाही, हे मला कळत होतं.

तिनं कागद वाचला, घडी करून ओळखपत्राच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवला. म्हणाली, "मी तरी येसू मावशी. अशीच येसू."

मनापासून म्हणाली. दिवाळीला आली पण, शेव घेऊन, पाच मिनिटं. तिला लेकरं आहेत, किती गावांची फवारणी आहे. माझं काही म्हणणं नाही.

आता आदल्या दिवशी फोन वाजतो, छोटासा, तिचा निरोप. मी वाचते, पाणी झाकते, शेळी आत घेते, खिडक्या लावून बसते. उसापलीकडून आवाज येतो, जवळ येतो, माझ्या घराशी येऊन वळतो आणि लांब जातो. अगदी नीट काम करते ती. पट्टा सोडते म्हणजे सोडतेच. ती उसाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. आवाज थांबला की अर्धा तास तशीच बसते, मग खिडक्या उघडते.

एकदा तू म्हणालीस, आई, मी घरात कॅमेरा लावून देते, सुरतमधून तू मला दिसशील, काळजी राहणार नाही. लावू नकोस गं. तुला मी दिसेन, पण मला तू कुठं दिसणार? आणि मी दोन कप चहा ठेवला तर दुसरा कोण पिईल?

रविवारी सकाळची गाडी धर, नवापूर गेलं की मला फोन कर. गाडीला गर्दी असते, पण दोन-तीन तासांचा तर प्रवास आहे. लेकरांना घेऊन ये, नाहीतर एकटी ये. स्टेशनवरून रिक्षावाल्याला उसातलं घर म्हण, तो आणून सोडेल. लवकर ये. तुला विचारायची गरज नाही, नुसती ये.