होडी ओढायचा दिवस

आमचा ट्रॅक्टर बाबांपेक्षा लहान आणि माझ्यापेक्षा मोठा. घाटावरच्या कुणाला तरी नकोसा झालेला तो बाबांनी आणला आणि मग जन्मभर त्याची उस्तवार केली. मूळचा तांबडा रंग खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्ला होता. गंजू नये म्हणून बाबा त्याला काजूच्या टरफलांचं तेल फासत, त्यामुळे तो आता काळा म्हणावा की तपकिरी, हे सांगता येत नसे. आमच्या भाताच्या मळ्या एवढ्याएवढ्याशा. ट्रॅक्टर वळवायला गेलं तर मागचं चाक शेजाऱ्याच्या बांधावर चढायचं. त्याचं खरं काम वर्षातून एकदाच, पावसाआधी वाडीतल्या होड्या वाळूवरून ओढून माडांत चढवायच्या. ते झालं की आईबाबा दोघं मिळून त्याला मांगरात, घराशेजारच्या कौलारू खोपीत, झोपवायचे. बाबा आत खुडबुड करायचे, आई दारात कोयता घेऊन बसलेली असायची. आम्ही हसायचो, की एवढी सेवा आमची कधी झाली नाही.

गेल्या श्रावणात बाबा गेले. त्यानंतर त्या मांगरात कुणी शिरलंच नाही. यंदा मे महिन्यात वादळाचा इशारा आला, बंदरावर बावटा चढला, तेव्हा ट्रॅक्टर पहिल्यांदा सगळ्यांना आठवला.

सगळ्यांना म्हणजे खरं तर एकाच माणसाला. वाडीतल्या बाकीच्यांच्या होड्या आता फायबरच्या. चारसहा जणांनी धरल्या की वर जातात. नाखवाकाकांची तेवढी लाकडी होती. ते बाबांचे जोडीदार, शाळेपासूनचे. मुलगा मुंबईत, बायको वारलेली, घरात ते आणि बाहेर ती होडी. बांगडा मिळो न मिळो, पहाटे तिच्यात जाऊन बसलं नाही तर त्यांना दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. सकाळपासून ओंडके घालून वाडीतल्या म्हाताऱ्यांनी ती ढकलली होती, पण लाटांनी वाळूची जी कड कापून ठेवली होती तिच्याखालीच ती अडून बसली. वादळाच्या पाण्यात ती तिथे राहिली तर तिचं सरपण होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

काका आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आले. मी कुडाळहून आदल्या दिवशी आले होते, भाऊ गोव्याहून सकाळीच पोचला होता. ट्रॅक्टर काढूया, काका म्हणाले. नारळ त्यांनी पिशवीतून आणलाच होता. होडी ओढायच्या आधी ट्रॅक्टरपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही वाडीची रीत. मग त्यांनी माझ्याकडे न बघता, तुळशीकडे बघत सांगितलं,

"वैनीक सांग, आज जरा भायर येव नको. वरस जावक नाय अजून."

राग डोक्यात गेला माझ्या. ज्या बाईच्या हातचं ते जन्मभर जेवले, तिचं तोंड आज होडीला चालत नव्हतं. मी काही बोलायच्या आत आईच स्वयंपाकघराच्या दारातून मागे सरली. तिने ऐकलं होतं. दार तिने स्वतःच लोटून घेतलं, जराही आवाज न करता.

गाऱ्हाणं झालं. "व्हय म्हाराजा" म्हणायला यंदा मोजकेच गळे होते. ट्रॅक्टरच्या धुराड्यावर पाणी जाऊ नये म्हणून बाबांनी करवंटी उपडी घातलेली होती. भावाने ती काढून, कपाळाला लावून बाजूला ठेवली. शेजाऱ्यांच्या टेम्पोची बॅटरी आणून जोडली आणि चावी फिरवली. इंजिन फिरलं, घरघरलं, पण पेटलं नाही. परत फिरवली. पुन्हा तेच.

यंत्र बंद पडलं की आमच्याकडच्या पुरुषांना कंठ फुटतो. डिझेल वर्षाचं जुनं, त्यात पाणी झालं असणार, असं एकाने सांगितलं. टाकी रिकामी करून नवं डिझेल भरलं. फिल्टर बदलला. कुडाळच्या मेकॅनिकला फोन लावला, तर वादळाच्या भीतीने त्याच्याकडे जनरेटरांची रांग लागलेली. त्याला यायला जमणार नव्हतं. पाइपात हवा धरली असेल, नट सैल करून हातपंप मारा, असं त्याने फोनवरूनच समजावलं. भावाने नट सैल केले, पंप मारून मारून त्याच्या अंगठ्याचं सालटं निघालं. फेस गेला, डिझेलची नितळ धार लागली, नट आवळले. घर्र घर्र, आणि काही नाही. धुराड्यातून धूर म्हणून निघेना. मग इंजिनाला हवा गाळून देणाऱ्या एअर क्लीनरच्या तळाचं भांडं उघडलं. त्यातलं तेल स्वच्छ होतं, तेव्हा तिथे दोष नाही असं ठरलं आणि भांडं परत बसवलं.

मी हे सगळं अंगणातून बघत होते. घरात जाऊन पाणी आणत होते, चहा आणत होते. आई चुलीपाशी बसून चहा करून देत होती. मांगरातली घरघर तिथे स्पष्ट ऐकू यायची. दर वेळी तिचा हात थांबायचा आणि घरघर विझली की पुन्हा चालू लागायचा.

दुपार कलली तसे माड एका अंगाला झुकायला लागले. काका पायरीवर बसून होते. ते मधेच उठून समुद्राकडे जात, परत येऊन बसत. शेवटी बॅटरीच थकली. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं. शेजारी आपापली कौलं सांभाळायला निघून गेले. भाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला, आणि मला वाटतं तो रडत होता, होडीसाठी की बाबांसाठी कोण जाणे. काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, असूंदे रे. मग दोरखंड खांद्यावर टाकून ते एकटेच खाली गेले आणि होडी माडाला बांधून आले. त्या दोराने काय होणार होतं?

सकाळी समुद्र काही घडलंच नाही असा पडला होता. होडी माडालाच बांधलेली होती. म्हणजे तिचं नाळेकडचं, पुढचं टोक तेवढं बांधलेलं होतं. बाकीच्या फळ्या किनाराभर पसरल्या होत्या, आणि काका त्या एकेक उचलून एका जागी रचत होते.

भाऊ मांगरात हत्यारं आवरत होता. मी दारात उभी होते. तेवढ्यात घराच्या मागच्या दाराने आई आली, बाहेरच थांबली आणि दबकत विचारावं तसं तिने विचारलं,

"वयल्या पाइपातला सोडण काढललंस मा रे?"

भावाला कळेना. कसलं सोडण? मग आईच आत शिरली. एअर क्लीनरच्या उंच नळकांड्याची टोपी तिने सराईतपणे फिरवून काढली, आत दोन बोटं घातली आणि नारळाच्या सोडणाचा, वरच्या काथ्याच्या सालीचा, गोळा उपसून बाहेर काढला. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, नेमका त्या तोंडाच्या मापाचा. पावसात आत उंदीर आणि माश्या घरं करतात म्हणून बाबा दरवर्षी तो ठोकून बसवत. मापाने तासून द्यायची ती. दारात कोयता घेऊन बसायची ती यासाठी. खालचं भांडं स्वच्छ असणारच होतं. वरून श्वासच बंद होता. आम्ही दिवसभर डिझेलच्या मागे लागलो होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"काल सांगूक नाय कित्याक?" भावाचा आवाज चिरकला.

"माका वाटला, तुका म्हायत असतला," आई म्हणाली. "मगे वाटला, येवन सांगूया. पण भायर येव नको म्हटलेला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. एखादं सोवळं पाळावं तसं तिने ते पाळलं होतं, चहा न्यायला आलेल्या माझ्याजवळही शब्द काढला नव्हता. होडी वाचवायची म्हणून तिला आत बसवलं आणि होडी वाचवणारी तेवढी एक गोष्ट तिच्याबरोबर आत बसली.

रात्री भावाने बॅटरी चार्ज करायला लावली होती. वीज गेली ती बऱ्याच उशिरा. आता त्याने ती जोडली, चावी फिरवली. पहिल्याच फिरकीला ट्रॅक्टर सुरू झाला. मांगर धुराने भरला, कौलं थरथरली. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्या सकाळी तो मला सहन होईना. भाऊ इंजिन बंद करायला विसरला होता की त्याचं धाडस होत नव्हतं, माहीत नाही.

आवाज खाली ऐकू गेला असणार. काका वर आले, ओल्या लुंगीत, हातात होडीचा एक खिळा घेऊन. त्यांनी चालू इंजिन बघितलं. मग आईच्या हातातलं सोडण बघितलं. कुणी सांगायची गरज नव्हती. या माणसाने बाबांबरोबर इतक्या होड्या ओढल्या होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. एका रात्रीत इतका म्हातारा झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

होडीचा उरलेला भाग आणि फळ्या वर ओढून आणायच्या होत्या. भावाने ट्रॅक्टर बाहेर काढला. काकांनी दोर मागे अडकवला आणि मग ते आईपुढे येऊन उभे राहिले.

"वैनी, चल. तू फुडे हो."

मोडलेल्या होडीला बाईचं तोंड चालत होतं.

आईने सोडण पदराने पुसलं. पिशवीची टोकं नीट आत खोचली.

"आता कित्याक?" ती म्हणाली, आणि ते सोडण मांगरातल्या वाशावर ठेवून घरात गेली.