चालतंय की

चाकणच्या कंपनीत माझं काम दुसऱ्यांच्या चुका धरायचं. क्वालिटीला आहे मी. पार्ट मापाच्या गेजला लावल्याशिवाय ओकेचा शिक्का मारत नाही, मग सुपरवायझर कितीही डोक्यावर बसू दे. मशीनवरचे लोक मला पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

घरी मात्र मी आणखी एक उद्योग लावून घेतला होता. ब्राउझरच्या कोपऱ्यात बसणारं एक बटण, म्हणजे एक्स्टेन्शन. ते दाबलं की सरकारी कामांच्या लिंका मराठीत एकाखाली एक दिसतात: लाइट बिल, सातबारा, दाखले, भरती. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. चूक दिसली तर कुणीही त्या कोडच्या पानावर तक्रार लिहावी, मी ती दुरुस्त करावी. सासूबाई म्हणायच्या, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मला त्या घोड्याचा भारी अभिमान होता.

माझी नणंद नर्स आहे. पिंपरीतल्या एका खाजगी दवाखान्यात ड्युटी करते आणि पुनावळ्यात आमच्याकडेच राहते. सरकारी नर्सभरतीला तिचं वय यंदा शेवटचं बसत होतं, पुढच्या वर्षी ती बाद. फॉर्म तिने शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधीच भरला होता, अर्थात माझ्या बटणावरून.

त्याच्याही आधी दोन-तीन दिवस कुणीतरी तक्रार टाकली होती: भरतीची लिंक जुनी आहे, बदला. मी चहाच्या सुट्टीत लिंक दाबून बघितली. पान उघडलं, फॉर्म दिसला. मी खाली लिहिलं, ‘चालतंय की,’ आणि तक्रार बंद केली. गेज नाही, काही नाही, सरळ ओके.

भरतीच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मोबाइल बघितला, तर त्याच तक्रारीखाली नवा मजकूर होता. लिहिणारी तीच तक्रार करणारी होती, बाईच, आणि नर्सच. साइट नव्या पत्त्यावर गेली होती, पण जुनी कुणी बंदच केली नव्हती. ती फॉर्म घ्यायची, ‘माहिती जतन झाली’ म्हणायची, आणि अर्ज क्रमांक मात्र द्यायची नाही. ते अर्ज कुठेच पोचत नव्हते. नव्या साइटला तहसीलचा दाखला जोडावा लागत होता आणि तो मिळायला चार-पाच दिवस लागतात. तिने शेवटी लिहिलं होतं: ‘तुम्ही चालतंय म्हणालात म्हणून मी जुन्यावरच फॉर्म भरून थांबले. आज पाचला बंद होतंय.’

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. नणंदेला अर्ज क्रमांक आला होता का, ते मी विचारलंही नव्हतं. तिला फोन लावला. बंद. ड्युटीवर त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात. दवाखान्याच्या नंबरवर नुसतीच रिंग वाजत राहिली.

तिथेच बसून मी कोडमधली ती एक ओळ बदलली आणि नवं एक्स्टेन्शन पाठवून दिलं. पण ब्राउझरच्या कंपनीकडून तपासून ते लोकांपर्यंत पोचायला दोन दिवस लागतात. नणंदेचा फॉर्म मीच भरावा म्हटलं, तर ओटीपी तिच्या मोबाइलवर, म्हणजे त्या लॉकरमध्ये. कप्पाळ! साहेबांकडे गेटपास मागितला. ते म्हणाले, आज ऑडिट आहे, काय ते उद्या करा. उद्या उपयोग नाही, मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण त्यांनी मुकाट्याने सही केली.

तळेगाव चौकात कंटेनर आडवा. घड्याळात तीन वाजून गेलेले. स्कूटर फटीफटीतून काढत, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात मोशीला आले, तिथे पुन्हा जाम. इतका राग आला होता, पण काढायचा कुणावर? अक्कल मीच गहाण टाकली होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. वॉर्डातून नणंद बाहेर आली ती घाबरूनच, घरी कुणाला काही झालं की काय म्हणून. मी सगळं सांगितलं.

“वहिनी, तुमचीच लिंक ना ती?”

“माझीच.”

ती तशीच आत वळली. लॉकरमधून मोबाइल घेऊन आली आणि आम्ही मेडिकलच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसलो. दाखला तिच्याकडे होता, मोबाइलमध्ये सेव्ह केलेला, देवाची कृपा. पण फोटो मोठा म्हणून साइट घेईना. दोनदा लहान केला. मग सही घेईना. कोऱ्या कागदावर नवी सही करायला लावून मी फोटो काढला. पाचला सात मिनिटं असताना अर्ज क्रमांक आला. तिने तो मोठ्याने वाचला, मग हातावर पेनने लिहिला आणि रडायला लागली. मीही रडले.

घरी आल्यावर तक्रारीचं पान उघडलं. माझ्या बटणावरून आणखी कितीजणींनी तो फॉर्म भरला असेल, ते कळायला मार्ग नव्हता. वापरणाऱ्यांची कसलीही नोंद ठेवायची नाही, हे मीच मोठ्या तोऱ्यात ठरवलं होतं. तक्रार करणाऱ्या बाईला लिहिलं, की चूक सर्वस्वी माझी आहे. तेव्हाच नीट तपासलं असतं तर तुमचा दाखला वेळेत आला असता. माफ करा.

स्वयंपाक करताना तिचं उत्तर आलं: ‘चालतंय की, ताई. पुढच्या भरतीला भरेन.’

गॅस बारीक करून मी ते पुन्हा वाचलं. तुमचं वय किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.